नाय मावशी, चुकलात

आक्का, सकाळपासून दोन-तीनदा तुझ्या घरी जाऊन आले. आधी तुळशीला पाणी घालायला गेले. मग गॅस बंद आहे का बघायला, तो मीच बंद केला होता. शेवटची खेप कशासाठी मारली ते मलाही सांगता येणार नाही. आत्ता हे लिहितेय तेसुद्धा उभ्यानेच, आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून. बसले की पाय आपोआप हलायला लागतात. जुईचे बाबा म्हणाले, जरा आडवी हो. आडवी झाले की छत दिसतं, आणि छताकडे बघून माझं काय होणार आहे?

पुंडलिकनगरात आपल्या दोघींच्या घरांमध्ये दोनच गल्ल्या. पण त्या ओलांडायला हल्ली अर्धा तास लागतो. जो तो थांबवतो आणि तुझ्या मनात काय होतं ते मला, तुझ्या सख्ख्या बहिणीला, सांगतो. 'बाईंना कळलं होतं बरं का, वेळ आलीय ते.' 'त्यांची एकच इच्छा राहिली बघा.' कुठली इच्छा, ते प्रत्येकाचं वेगळं. चालता-बोलता हृदय बंद पडून गेलेलं माणूस तू. तुला कधी नि काय कळणार होतं? पण दोन आठवडे व्हायच्या आत तुझं मन सगळ्या गल्लीला तोंडपाठ झालंय. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तू हे ऐकून हसली असतीस. बघ, मीही तेच करायला लागले. तू असतीस तर शेंग फोडता फोडता, मान वरसुद्धा न करता म्हणाली असतीस, "सुनी, कशावरून?" हा तुझा 'कशावरून' मला आयुष्यभर नडला.

शेंगांचं पोतं अजून तुझ्या पुढच्या खोलीत आहे, अर्धं. दादा गावाकडून दरसाल पाठवायचा. नवख्याला वाटावं, बाईंचा शेंगदाण्याचा व्यापार असेल. शाळेतली नोकरी सोडून तू समुपदेशनाचा कोर्स केलास, तेव्हा मला वाटलं आता घरात टेबल येईल, फिरती खुर्ची येईल, दारावर पाटी लागेल. तू खाली सतरंजी टाकलीस आणि मध्ये शेंगांची पाटी ठेवलीस. समोर पंधरा-सोळा-सतरा वर्षांची पोरं. कुणी कॉलेजला जाईना, कुणी जेवेना, कुणाचं रोज डोकं दुखतं आणि तपासणीत काही निघत नाही. आईबाप सोडून जायचे आणि पोर तुझ्यासमोर बसून शेंगा फोडायचं. हात कामात असले की डोळे खाली राहतात, आणि डोळे खाली असले की तोंड उघडतं, असं तुझं म्हणणं. ते मला पटायचं. पुढचं पटायचं नाही.

पुढचं म्हणजे तुझे अंदाज. एक धड लागेल तर शपथ.

ती दौलताबादकडची पोर आठवते? मीच पाठवली होती तुझ्याकडे. मी छावणीतल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि ती माझ्या वर्गात. मेंढरं राखणारं घर, त्या घरातून कॉलेजपर्यंत आलेली पहिली मुलगी, छावणीतच वसतिगृहात राहायची. पहिल्या महिन्यात हात वर करून उत्तरं देणारी पोर दिवाळीनंतर पार मुकी झाली. मी तुझ्या स्वयंपाकघरात चहा टाकत होते आणि पुढच्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं.

"कॉलेजात कुणी त्रास देतंय, व्हय ना?" तू म्हणालीस.

"नाय मावशी."

"मग घरच्यांनी लग्नाचं काढलं असंल."

"नाय ओ मावशी, चुकलात. घरचे कशाला काढतेत?"

"मग अभ्यास जमंना गेलाय."

"चुकलात! चाचणीत दुसरी आले मी वर्गात." शेंगा फोडायचा आवाज वाढला. "तुम्हाला काहीच कळत नाय का ओ?"

"नाय कळत, बाई. तूच सांग."

आणि तिनं सांगितलं. वसतिगृहात ती एक असते, वर्गात दुसरी, गावी गेली की तिसरी. गावी चुकून 'इथे-तिथे' निघालं की चुलतबहिणी हसतात, आली बघा मॅडम. वर्गात 'लई' निघालं की मुली एकमेकींकडे बघतात. म्हणून दोन्हीकडे बोलणंच सोडलं. "सगळ्यांला कळतंय मी नाटक करायले. मावशी, यातली खरी कोणती ओ मी?"

"सगळ्यांला म्हणजे कुणाला? शेजारी बसते तिला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? दिसतं की तोंडावर."

"बरं, माझ्या तोंडावर आत्ता काय दिसतंय?"

पोरीनं कचकन एक शेंग फोडली. मग म्हणाली, "तुम्हाला माझी कीव येऊ राहिली."

"चुकलीस. मला भूक लागलीय. दुपारपास्नं नुसत्या शेंगांवर आहे."

पोर हसली. मी चहाबरोबर पोहे टाकायला घेतले.

ती गेल्यावर कप विसळताना तू मला ऐकवलंस. "सुनी, या वयात पोरांना दुसऱ्याच्या मनातलं सगळं ठाऊक असतं, आणि त्यातलं निम्मं चूक असतं. आईनं कपाळाला आठी घातली की ती माझ्यामुळंच. मैत्रीण हसली की मलाच. त्यावरनं मग ते स्वतःला ठरवतेत, मी अशी, मी तसली. त्यांना एकदा बघू दे की कुणीतरी बसून त्यांचा विचार करतंय, चुकतंय, आणि न लाजता पुन्हा विचारतंय. तसं बघितलं की ते स्वतःकडंबी तसं बघायला शिकतेत. दुसऱ्याचं मन दिसत नसतं, विचारावं लागतं, एवढं उमगलं तरी निम्मा ताप उतरतो."

"आणि खरी कोणती ते?"

"आत्ताच ठरवायची काय घाई आहे? राहू दे की सगळ्या. होईल हळूहळू ओळख त्यांची आपसात."

मी म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण तू मुद्दाम चुकतेस. ही फसवणूक आहे पोरांची."

"मुद्दाम कशाला? मला खरंच कळत नाही."

आक्का, इथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते कधी मिटलंच नाही. तीस वर्षं पोरांमध्ये काढलेली बाई, दारातून आत येणाऱ्या पोराची चप्पल काढायची पद्धत बघून तुला कळायला पाहिजे. मला कळतं! वर्गात शिरले की मला कळतं कुणाचं काय बिनसलंय. तू म्हणायचीस, "तुला लई लवकर कळतं. पोराला बोलायला काही शिल्लकच ठेवत नाहीस." मी म्हणायचे, तू ढोंगी आहेस. तू म्हणायचीस, "बरं, ढोंगी." असं 'बरं' म्हणून भांडण गुंडाळणारी माणसं मला आवडत नाहीत. तू मुद्दाम चुकायचीस की तुला खरंच कळायचं नाही, हे मला तुझ्या तोंडून हवं होतं. आता कोण सांगणार?

मग जुईचं सुरू झालं.

गेल्या वर्षी अकरावीत गेली आणि माझी पोर दर आठवड्याला नवी दिसायला लागली. एका आठवड्यात सगळे कपडे काळे. मग केस कानापर्यंत. मैत्रिणींशी फोनवर नुसती हिंदी, "अरे यार, जाने दो ना." आजी गावाहून आली की तीच पोर डोक्याला तेल चोपून, वेणी नाही तर निदान क्लिप लावून तिच्या पायाशी. एकदा म्हणाली, सायन्स सोडून कायदा करणार. पुढच्या महिन्यात, बेकरी टाकणार. मी हसले नाही, आक्का, तुझी शपथ. मी फक्त म्हणाले, तुला काय पाहिजे ते मला ठाऊक आहे, जरा दम धर, तुझं तुलाच पटेल. तर ताट सरकवून उठली आणि खोलीत गेली.

त्यानंतर ती तुझ्याकडे येऊ लागली. सतरंजीवर नव्हे हं, ओट्यावर बसून, पाय हलवत. सगळ्या शहराची पोरं तुला मावशी म्हणायची, पण तू जुईची खरोखरची मावशी, याचा तिला तोरा होता. कॉलेज सुटलं की तुझ्याकडे. तू तुझी दुपारची झोप सोडून तिच्याशी बोलत बसायचीस. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या ओढणीला शेंगांची फोलपटं लागलेली असायची आणि चेहरा निवलेला असायचा. मी विचारायचे, काय बोललात? "काही नाही." मला बरं वाटायचं आणि जळजळही व्हायची. दोन्ही एकदमच.

तुला बोलले तेव्हा केवढं मोठं भांडण झालं आपलं. मी म्हणाले, "मी आई आहे तिची. नऊ महिने पोटात वागवलीय. मला ठाऊक आहे ती काय आहे."

तू शांतपणे म्हणालीस, "पोटात होती तेव्हा तरी ठाऊक होतं का, ती काय विचार करायली ते?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. सुचलं की येऊन सांगेन, असं त्या दिवशी दार आपटून म्हणाले होते. आता आले, तर घरात कोणी नाही.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. तू म्हणालीस, जुईनं मला काहीतरी सांगितलंय. मी म्हणाले, काय? तू म्हणालीस, "ते तीच सांगंल. मी नाही सांगणार. पण तिची झोप बघ, जेवण बघ, मैत्रिणी येतात का बघ. यातलं काही सुटायला लागलं तर थांबायचं नाही, डॉक्टरांकडं जायचं. मी डॉक्टर नाही." मी चिडून म्हणाले, मला कोड्यात बोललेलं चालत नाही. तू म्हणालीस, "कोडं नाही गं. विचार तिला, एवढंच." आणि ताकास तूर लागू न देता फोन ठेवलास. पुढच्या आठवड्यात तू गेलीस. माझ्या लेकीनं तुला काय सांगितलं ते तुझ्याबरोबरच गेलं. आक्का, तुझा इतका राग आला मला! तुझ्या पायाशी बसले होते, सगळे म्हणत होते, हिला रडवा कुणीतरी, हिचं रडू अडलंय. रडू कसलं अडलंय? मला तुला गदागदा हलवून विचारायचं होतं, काय म्हणाली ती?

दुसऱ्या दिवसापासून जुईने खोलीचं दार लावून घेतलं. कॉलेज नाही. जेवण दोन घास. मैत्रिणी येऊन दारातूनच परत गेल्या. मी बाहेर दिसले की ती आत. मी पाणी प्यायला उठले की आतून कडी वाजायची. झोप, जेवण, मैत्रिणी. तू सांगितलेलं सगळं एकदमच सुटलं, आणि सांगायला तू नाहीस.

मला मात्र कारण ठाऊक होतं. त्या दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या बायकांत तुझ्या शेजारच्या काकू होत्या. मनाने चांगली बाई, पण तोंडाला कुलूप नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काय म्हणतेत ते, माय मरो पण मावशी जगो. इथं उलटंच झालं बाई." मग जीभ चावली आणि माझा हात जास्तच दाबला. जुई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि माझ्याकडे एकदाच पाहून आत गेली. त्या बघण्यात मला सगळं दिसलं. मी राहिले आणि तू गेलीस, हे तिला सोसत नव्हतं. तसं बघितलं तर बरोबरच होतं तिचं. तिच्या जागी मी असते तर मलाही तूच हवी असतीस.

दहाव्याला कायगावला गेलो, नदीवर. दादाने पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळे होते, भरपूर होते. पण खाली एक उतरेना. शेजारी दुसऱ्या कुणाचा दहावा होता, त्यांच्या पिंडाला ठेवल्याबरोबर शिवले. आपले सगळे मान वर करून उभे. मग सुरू झालं ते.

दादा हात जोडून म्हणाला, "आक्का, तुझं घर विकणार नाही, घोर करू नको." कावळा नाही. कुणी म्हणालं, पोरांचं काम बंद पडू देणार नाही म्हणा. दादा तेही म्हणाला. कावळा नाही. आत्या म्हणाली, तिला गूळ-शेंगदाणे लई आवडायचे, ठेवलेत का? ठेवले. नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झाले. "आक्का, जुईला मी सांभाळीन. तिच्या मनात काय आहे मला ठाऊक आहे." एक कावळा उठला, आपल्या डोक्यावरून गेला आणि पलीकडच्या लोकांच्या पिंडावर बसला.

आणि मागून जुईचा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "मावशी असती तर म्हणाली असती, चुकलात सगळे."

दादाने वळून पाहिलं. आत्याने "गप गं पोरी" केलं. माझ्या पोटातून, काय सांगू, हसू वर आलं. गेलेल्या माणसाच्या मनात काय आहे ते एकामागून एक ओळखत उन्हात उभी राहिलेली आपली सगळी शहाणी माणसं, आणि तू वर कुठेतरी 'नाय, चुकलात, नाय, चुकलात' करत बसलेली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. आमच्या कुणाचाच अंदाज तू बरोबर ठरू दिला नाहीस.

परत आल्यावर जुई आमच्या घरी न जाता तुझ्या दारात जाऊन उभी राहिली. मी कुलूप काढलं. ती सरळ सतरंजीवर बसली. या आधी कधी तिथे बसली नव्हती. पाटी ओढून घेतली आणि शेंगा फोडायला लागली. मी दारातच. काही खातेस का, असं विचारणार होते. डोकं दुखतंय का, असंही. मग काय वाटलं, मीही बसले. दोघी फोडत राहिलो. बाहेर भाजीचा गाडा ओरडत गेला. पाटीत बराच ढीग झाला.

आणि मी बोलले. तू म्हणशील, माझी पद्धत वापरलीस. मुळीच नाही. मला पक्कं ठाऊक होतं ते मी बोलले.

"तुला वाटत असेल, मावशीच्या जागी आई गेली असती तर बरं झालं असतं."

तिचे हात थांबले. "आई!"

"असू दे. मी नाही रागावणार."

"आई, चुकलीस! काय बोलायलीस काय तू? डोकं ठिकाणावर आहे का?" ओरडलीच ती. डोळे भरले, नाक लाल झालं. तिचं नाक रडताना लहानपणापासून लाल होतं.

"मग मला बघितलं की दार कामून लावतीस? माझं तोंड बघवत नाही म्हणूनच ना?"

"नाय! तुला रडता यावं म्हणून!"

मला काही कळेना.

"तू माझ्यासमोर रडत नाहीस," ती म्हणाली. "मी बाहेर आले की तू लगेच डोळे पुसतीस आणि भाजी चिरायला लागतीस. मला वाटलं, मी आत गेले तर तरी रडशील. मी आतून कान लावून बसायचे. तू रडलीच नाहीस. मग मला वाटलं, तू माझ्यावर चिडलीस. मी रोज यायचे इथं. मावशी माझ्यामुळं दुपारची झोपायची नाही. तुला वाटायलंय, मीच दमवलं तिला. मीच मारलं."

आक्का, दाराच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. मी रडू आवरत होते ते तिचं मन घट्ट राहावं म्हणून. ती आत कोंडून घेत होती ते मला मोकळं होता यावं म्हणून. आणि दोघींनाही दुसरीच्या मनातलं पक्कं ठाऊक होतं.

"चुकलीस," मी म्हणाले. मला एवढंच बोलता आलं. मग मात्र ते आलं. तुझ्या सतरंजीवर, फोलपटांत, मी अशी रडले की काकू धावत आल्या आणि दारातूनच परत गेल्या. जुई माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती. तिने दार लावून घेतलं नाही.

बऱ्याच वेळाने मी तिला विचारलं. "मावशीला काय सांगितलं होतंस?"

ती शेंग दोन बोटांत धरून बसली. "सांगू? तुला राग येईल."

येणार नाही, हे ओठांवर आलं होतं. ते गिळलं. "मला नाही ठाऊक येईल का ते. सांगून बघ."

"तुझ्या डोक्यात एक जुई आहे. ती हुशार आहे, शांत आहे, तिला काय पाहिजे ते तुला ठाऊक असतं. तुला ती आवडते. ती मी नाही, आई. मी तिच्यासारखं व्हायचा लई प्रयत्न केला. आता दम लागलाय."

मला किती काय काय बोलायचं होतं! पुरावे होते माझ्याकडे, बालवाडीपासूनचे. असं नाही, वेडे, तू चुकलीस, इतकं सगळं तोंडाशी आलं. आणि बोलले असते तर तिच्या डोळ्यांसमोर तिचं म्हणणं खरं ठरलं असतं. मी एक शेंगदाणा तोंडात टाकला. तो खवट निघाला. तोही गिळला.

"मग तू कशी आहेस?"

"मला काय माहीत? अजून ठरलं नाही."

"बरं," मी म्हणाले.

तुझं ते 'बरं' मला इतकी वर्षं आवडलं नव्हतं. ते म्हणायला किती ताकद लागते, हे तू कधी बोलली नाहीस.

असं समजू नकोस की सगळं गोड झालं. काल जुई पुन्हा अर्ध्या जेवणातून उठली. रात्री झोप नाही, डोळ्यांखाली काळं. तू पोरांना ज्या डॉक्टरांकडे पाठवायचीस त्यांची सोमवारची वेळ घेतलीय. जुई म्हणाली, येते, पण आत मी एकटी जाणार. मी म्हणाले, बरं. कॉलेजचं अजून बोललेलो नाही. ती मधूनच आतल्या आत गोठल्यासारखी होते आणि मला पुन्हा कारण ठाऊक आहे असं वाटायला लागतं. मग ते तिच्यापुढे बोलून टाकू नये म्हणून मी ओट्यापाशी येऊन उभी राहते. मघापासून इथे उभी आहे ती त्यासाठीच.

आणि आपलं भांडण मिटलेलं नाही, हे ध्यानात ठेव. उलट वाढलंय. त्या दिवशी मी मुद्दाम चुकले नव्हते. मला पक्की खात्री होती आणि मी साफ चुकले, म्हणूनच ती बोलली. म्हणजे तुलाही खरंच कळत नव्हतं? इतकी वर्षं, इतकी पोरं, आणि दर वेळी तू खरोखर अंधारात हात घालत होतीस? मग तुला भीती नाही वाटली? मी एका पोरीपुढे एकदा चुकले तर अजून धड बसता येत नाहीये. तू रोज चुकायचीस, हसत, शेंगा फोडत. हे तू मला का नाही सांगितलंस? की सांगतच होतीस, आणि 'मला खरंच कळत नाही' याचा अर्थ 'मला खरंच कळत नाही' एवढाच होता? मी जुईला विचारलं, मावशी मुद्दाम चुकायची का गं? ती म्हणाली, "कुणास ठाऊक. मी कधी विचारलंच नाही." घे, आता आपण तिघीही सारख्याच.

तुझे उपकार बोलून दाखवायचे नाहीत, असं ठरवून कागद घेतला होता. पण एक बोलते. फोनवर तू मला ते सांगितलं असतंस, तर मी त्याच दिवशी जुईपुढे जाऊन म्हणाले असते, मला ठाऊक आहे तुझ्या मनात काय आहे. तू सांगितलं नाहीस. माझ्या लेकीचं बोलणं तू माझ्यासाठी तिच्याचकडे ठेवून गेलीस. मी त्यासाठी तुला मेल्यावरसुद्धा शिव्या दिल्या. त्या मागे घेते. बाकीच्या असू देत.

संध्याकाळ व्हायला आलीय. समोर जुईच्या खोलीचं दार दिसतंय. आज ते अर्धं उघडं आहे. आतून कसलाच आवाज नाही. झोपली असेल, रडत असेल, फोन बघत असेल, किंवा तुझी आठवण काढत असेल.

मला ठाऊक नाही, आक्का. जाते, विचारते.